फिनलंड भरती, लातूर केंद्र

माझी मुलगी लुंबिनी फिनलंडला नोकरी करते आणि दर रविवारी दुपारी साडेचारला मला फोन करते. हा फोन साधारण चार मिनिटं चालतो. "जेवलीस का?" मी विचारतो. "हो. तुम्ही?" "हो." मग ती लातूरच्या उन्हाची चौकशी करते, मी तिकडच्या बर्फाची करतो. बर्फ नसला की पंचाईत होते, कारण पुढं काय विचारायचं ते मला सुचत नाही. एकतीस वर्षं रेणापूरला एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढलेल्या माणसाला समोर कागद आल्याशिवाय बोलायची सवय राहत नाही. तिची आई होती तेव्हा हाच फोन तासभर चालायचा आणि मी शेजारी बसून 'आता बास' अशा खुणा करायचो. त्या खुणा आठवल्या की आता स्वतःचाच राग येतो.

तर सप्टेंबरातल्या एका रविवारी तिसऱ्या मिनिटाला लुंबिनी म्हणाली, "बाबा, एक काम होतं तुमच्याकडं."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तीन वर्षांत तिनं मला पहिल्यांदा काम सांगितलं होतं.

तिच्या संस्थेचं काम असं, की तरुण मुलामुलींना नोकरीत काय मोलाचं वाटतं हे निरनिराळ्या देशांत जाऊन विचारायचं. एवढंच विचारायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. लातूर-नांदेडकडच्या चाळीस मुलामुलींकडून वीस प्रश्नांची उत्तरं तिला हवी होती. ती चांगली आली तर तिच्या मॅडम तिला अख्खा डिसेंबर लातूरला पाठवणार होत्या, पुढचं सविस्तर काम करायला. नाही आली तर व्हिएतनाम होतंच.

"फक्त लिंक पाठवा पोरांना," ती म्हणाली. "बाकी काही करू नका. बाबा, ऐकलं ना? काही करू नका."

फोन ठेवल्यावर मी पहिलं काम केलं ते बाथरूममधला गीझर दुरुस्त करून घेण्याचं. तिची आई गेल्यापासून दोन वर्षं तो बंद होता. मी एकटा, मला गार पाणी चालतं. पण डिसेंबरात पोरीला गरम पाणी लागणार होतं.

दुसरं काम लिंकचं. आता लिंक म्हणजे काय? तिला आवक क्रमांक नाही, दिनांक नाही, सही नाही. उद्या कुणी म्हणालं मी भरलंच नव्हतं, तर पुरावा काय? मी सगळे प्रश्न मराठीत उतरवून कागदावर घ्यायचं ठरवलं. मूळ प्रश्न फार ढिले होते. 'तुमचं म्हणणं तुमचे वरिष्ठ ऐकतात का?' असं कुणी सभ्य माणसाला विचारतं का? मी लिहिलं, 'अर्जदाराचे म्हणणे वरिष्ठ स्तरावर विचारात घेतले जाते काय? होय / नाही / लागू नाही.' सातवा प्रश्न होता, 'नोकरीत तुम्हाला सर्वात मोलाचं काय वाटतं?' त्याखाली मी आठ ओळी आखल्या आणि पुढं 'सुवाच्य अक्षरात' असं घातलं.

कागद पूर्ण झाला, पण डोळ्याला काहीतरी खटकत होतं. वरचा उजवा कोपरा उघडा वाटत होता. मी पट्टी घेऊन तिथं फोटोची चौकट काढली, तेव्हा जिवाला बरं वाटलं. मग चौकट आली म्हणून 'प्रवर्ग' आला, प्रवर्ग आला म्हणून 'साक्षांकित प्रती जोडाव्यात' आलं, आणि खाली ठिपक्यांच्या रेघेनंतर पोचपावती. हे मी मुद्दाम केलं नाही. माझा हात तेवढंच जाणतो.

शेजारचे शेषेराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना मी तो कागद दाखवला, तो माझा दुसरा गुन्हा.

"सोनकांबळे, कागद झ्याक झालाय," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण परवानगी?"

"कसली परवानगी?"

"परदेशाला आपल्या पोरांची माहिती द्यायलाव तुम्ही. उद्या कोणी विचारलं तर? मी सांगतो तसं करा. एक अर्ज टाकून ठेवा."

म्हणून मी एका कार्यालयात गेलो. नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून दाखले काढायचे आहेत. पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं चौथ्याकडं, आणि चौथ्यानं विचारलं की तुम्हाला इकडं पाठवलं कोणी. मी स्वतः लोकांना वर्षानुवर्षं असंच फिरवलं, पण माझ्या फिरवण्यात थोडी आपुलकी असायची. मी पाणी तरी विचारायचो. शेवटी एका तरुण कारकुनानं माझा नमुना हातात घेतला, फोटोची चौकट पाहिली, पोचपावती पाहिली, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, जागा किती?"

"जागा न्हाईत हो. नुसती माहिती."

"हाव हाव, समजलं," तो डोळा बारीक करून म्हणाला. "एक कोरा फॉर्म द्या. मेव्हणा बसून हाय घरी."

एकतीस वर्षांत मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. बाबू, भाऊ, ओ काका, एवढंच. त्या एका शब्दापायी मी त्याला फॉर्म देऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दार वाजलं. बाहेर नऊ मुलं आणि चार मुली, सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकच्या फायली. अकरापर्यंत रांग शेषेरावांच्या फाटकाच्या पलीकडं गेली. कोपऱ्यावरच्या बसवराजनं आपल्या झेरॉक्सच्या दुकानावर पाटी लावली होती: 'फिनलंड भरतीचे फॉर्म येथे मिळतील. फोटो तात्काळ.'

"बसवराज, ही भरती न्हाई," मी त्याला जाऊन सांगितलं.

"मग फोटो कशाला मागायलाव?" त्यानं विचारलं. मशीन थांबवलं नाही.

मी रांगेलाही दोनदा सांगितलं की बाबांनो, ही फक्त पाहणी आहे. पण लातूरची मुलं. चौथीपासून फॉर्म भरत आलेली. फोटो लावून, सही करून, साक्षांकित प्रती जोडून नुसतं मत द्यायचं असतं, यावर त्यांचा विश्वास बसेना. ती समजुतीनं मान हलवायची आणि हळूच विचारायची, "सर, जागा किती?"

आणि खरं सांगायचं तर मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही. घरात इतकी माणसं दोन वर्षांत आली नव्हती. मी कपाटातून जुना रबरी शिक्का काढला, नवी नोंदवही आखली, ओसरीत टेबल टाकलं. दर अर्जाला आवक क्रमांक, दर अर्जदाराला पोचपावती. दुपारी जेवायचं विसरू लागलो. संध्याकाळी शेषेराव गॅलरीतून ओरडायचे, "किती झाले?" आणि मी आकडा सांगायचो. आकडा सांगायला कुणीतरी असणं ही साधी गोष्ट आहे, पण ती नसली की फार नसते.

चौथ्या दिवशी सुदर्शन सर आले. त्यांची पलीकडच्या गल्लीत स्पर्धा परीक्षांची अकॅडमी आहे. त्यांनी माझ्या फॉर्मची घडी खिशातून काढली, तिच्यावर लाल-निळ्या पेनानं खुणा केलेल्या होत्या.

"सातव्या प्रश्नाला वेटेज किती?" त्यांनी विचारलं.

"वेटेज काही नाही. मनातलं लिहायचं."

"मनातलं!" ते हसले. "काका, मनातलं लिहून कोणी लागलंय का आजपर्यंत?"

त्याच संध्याकाळी त्यांची तीन दिवसांची खास बॅच सुरू झाली. मला ते कळलं, पण मी मनाला लावून घेतलं नाही. पोरं तयारी करतायत, चांगलंच आहे म्हटलं. आठवड्यानं माझ्याकडं एकशे बारा अर्ज झाले. त्यातले सगळ्यात नीटनेटके चाळीस निवडून बसवराजकडून स्कॅन करून पाठवले. आता कुणी विचारेल, मी ते वाचले नव्हते का? नव्हते. अर्ज तपासणं वेगळं आणि वाचणं वेगळं. मी तपासले. सही आहे, दिनांक आहे, फोटो चौकटीत आहे, एकही रकाना कोरा नाही. कारकून अर्ज वाचायला लागला तर टेबलावर ढीग साचतो.

पुढच्या रविवारी फोन सव्वाचारलाच आला.

"बाबा, मॅडम थक्क झाल्यात," लुंबिनी म्हणाली. "एवढं एकमत त्यांना कुठल्याच देशात सापडलं नाही."

मी मिशीवरून हात फिरवला. "लातूर आहे हे."

"सातवा प्रश्न वाचून दाखवू?" आणि तिनं वाचलं, "'मला नोकरीत समाजसेवा, शिस्त व फिनलंड राष्ट्राप्रती निष्ठा या तीन बाबी सर्वात मोलाच्या वाटतात. बालपणापासूनच मला फिनलंडच्या शेतकऱ्यांविषयी तळमळ आहे.' बाबा, हे चाळीसच्या चाळीस जणांनी लिहिलंय. शेवटच्या पूर्णविरामासकट."

मी मिशीवरचा हात खाली घेतला.

"तुम्हाला म्हटलं होतं ना, काही करू नका."

ती चिडली नव्हती, हे जास्त वाईट होतं. चिडली असती तर आईसारखी वाटली असती. मॅडमनी आणखी आठ दिवस दिले होते. मी सांगितलं, काळजी करू नको, लातूर सोड, नांदेड अजून कोरं आहे.

नांदेडला माझी थोरली बहीण नागुबाई असते. तिच्याकडं दोन खोल्यांत नर्सिंगच्या मुली भाड्यानं राहतात आणि गल्लीत तरुणांची काही कमी नाही. मी या वेळी कोरे प्रश्न तेवढे घेतले. चौकट नाही, प्रवर्ग नाही, पोचपावती नाही. असा उघडाबोडका कागद पिशवीत घेऊन जाताना मला बनियनवर घराबाहेर पडल्यासारखं वाटत होतं. एसटीत अहमदपूरपर्यंत उभा होतो. लोह्याला खिडकी मिळाली तेव्हा शेजारच्या माणसानं विचारलं, "काय, कामानं का?" मी म्हटलं, "लेकीच्या कामानं." हे दोन शब्द म्हणताना फार बरं वाटलं, म्हणून मी त्याला सगळी हकिगत ऐकवली. तो उतरताना म्हणाला, "जागा निघाल्या तर कळवा."

नागुबाईनं बैठकीत सतरंजी अंथरून ठेवली होती. चौदा मुलंमुली मांडी घालून बसलेली, केस विंचरलेले, प्रत्येकाच्या खिशात दोन पेनं. मला पाहून सगळी एकदम उभी राहिली.

"बसा, बसा," मी म्हटलं. "बाबांनो, ही भरती नाही. मनात जे असेल ते लिहा."

पहिल्या रांगेतल्या मुलीनं हात वर केला. "सर, निगेटिव्ह मार्किंग हाय का?"

"मार्कच न्हाईत."

"मग मेरिट कशावर लागतंय?"

मागून एकानं मोबाइल वर धरला. सुदर्शन सरांच्या नोट्स आदल्या रात्रीच नांदेडला पोचल्या होत्या. त्यात सुधारित आवृत्तीही होती: आता तळमळ फिनलंडच्या मच्छीमारांविषयीही होती. आणि पहिल्या पानावर गोल शिक्क्यासह माझं नाव, 'श्री. व्यंकटराव सोनकांबळे, निवड अधिकारी'.

नागुबाईनं पदराला हात पुसले आणि मला आत बोलावलं. "वेंकट, तू लई मोठा झालास म्हन. मला सांगितलं बी न्हाईस."

"आक्का, हे सगळं खोटं हाय."

"असू दे की. पोरं सकाळपासून बसून हायेत तुझ्यासाठी. खोटं म्हनून तोंडावर सांगू नको." थोड्या वेळानं म्हणाली, "लुंबिनी येनार हाय का?"

"याच्यावरच हाय," मी म्हटलं.

निघताना तिनं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. चौदा अर्ज मी परतीच्या एसटीत वाचले. आयुष्यात पहिल्यांदाच अर्ज वाचले. सगळ्यांना मच्छीमारांविषयी तळमळ होती.

घरी आलो तर पायरीवर वर्षाराणी बसलेली. ही देवणीकडची मुलगी, शेषेरावांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते आणि पाच वर्षं स्पर्धा परीक्षांची तयारी करते. तलाठी, पोलीस, वनरक्षक, जे निघेल ते. फाटकाशी भेटली तर खाली बघून जाणारी. तिच्या हातात माझी पोचपावती होती, क्रमांक अठ्ठ्याऐंशी.

"काका, ही भरती न्हाई ना?"

एकशे बारा जणांत मला हा प्रश्न विचारणारी ती एकटीच.

"न्हाई पोरी."

"मला वाटलंच." तिनं पावतीची नीट घडी केली. "घरी सांगून बसले होते मी. बाबानं गावात पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलंय."

मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मी ओसरीतल्या रिकाम्या खुर्चीकडं बोट दाखवलं, ती बसली. मी आक्कानं बांधून दिलेलं फडकं सोडलं, अर्धी भाकरी तिला दिली. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "तुमच्या लेकीचं काम हाय म्हनं. द्या, खरं लिहिते. आता काय जातंय."

तिनं अर्धा तास लिहिलं. सातव्या प्रश्नाला आठही ओळी लागल्या नाहीत. मी तिच्यासमोरच वाचलं:

'नोकरी लागल्यावर मला कोणी "सध्या काय चालू आहे" असं विचारणार नाही. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. दोन दिवाळ्या झाल्या, मी या एका प्रश्नामुळे गावाकडे गेले नाही.'

मी शिक्का उचलला आणि परत ठेवला. त्या कागदावर तो मारवेना.

दुसऱ्या दिवशी मी दारावर मोठ्या अक्षरात सूचना लावली: 'ही भरती नाही व नव्हती. झालेल्या गैरसमजाबद्दल मी माफी मागतो.' दुपारपर्यंत शहरभर झालं की भरतीवर स्टे आला. संध्याकाळी पंचवीस-तीस जणांचं शिष्टमंडळ आलं. भरती तात्काळ पूर्ववत करावी, अन्यथा उपोषण, असं निवेदन. शेषेराव त्यांच्या पुढं, कारण मसुदा त्यांनीच तपासून दिला होता.

"शेषेराव, तुम्ही तरी!" मी म्हटलं.

"मी सांगतो तसं करा," ते म्हणाले. "आधी पोच द्या."

मी दिली. क्रमांक एकशे तेरा. मग ओसरीच्या पायरीवर उभा राहून मी सगळं सांगितलं: मुलगी, मॅडम, व्हिएतनाम, फोटोची चौकट. चौकट माझी चूक, म्हटलं, मला सवय आहे. आणि तुम्ही येत होता ते मला आवडत होतं, म्हणून वेळेवर दटावून सांगितलं नाही, ही त्याहून मोठी. एकजण म्हणाला, "म्हंजे काका, तुमची लेक यावी म्हनून होतं का हे?" मी हो म्हटलं. पोरं मुकाट्यानं निघून गेली. मोठ्यानं भांडली असती तर बरं झालं असतं. शेषेराव मागं थांबले, पण त्या दिवशी त्यांनाही काही सांगता आलं नाही.

रविवारी साडेचारला फोन आला.

"बाबा, व्हिएतनाम ठरलं."

"बरं," मी म्हटलं. गीझरचा लाल दिवा बाथरूमच्या दारातून दिसत होता. तो बंद करायला हवा, असं काहीतरी डोक्यात आलं.

"जेवलात का?"

"हो." मग मी म्हटलं, "एक अर्ज खरा आलाय. वाचू?"

मी वर्षाराणीचा सातवा प्रश्न वाचला.

"मी पण याच्यासाठीच इथं आले होते, बाबा," लुंबिनी म्हणाली. "लग्न कधी, पर्मनंट झाली का, पगार किती. इथं कोणी काही विचारत नाही. इंटरव्ह्यूत मी हेच सांगितलं होतं, मला मोकळीक मोलाची वाटते. दिली त्यांनी. शुक्रवारी चारला निघते. सोमवारी नऊला 'गुड मॉर्निंग' म्हणते तेव्हा घसा खरखरतो. मधे बोललेलीच नसते कुणाशी."

"रविवारी माझ्याशी बोलतेस की."

"चार मिनिटं, बाबा."

बर्फ पडला का, विचारणार होतो. टेबलावर कोरे फॉर्म होते, जुने, चौकटवाले. मी एक ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि एकतीस वर्षांचा आवाज लावला.

"अर्जदाराचं पूर्ण नाव?"

"बाबा, काय हे!"

"रांगेत माणसं आहेत मागं. पूर्ण नाव."

ती हसली. मग म्हणाली, "लुंबिनी व्यंकटराव सोनकांबळे."

"वय?"

"एकोणतीस."

"हल्लीचा पत्ता?" तिनं तो सांगितला. तीन वर्षांत मी तो कधी विचारला नव्हता. रस्त्याचं नाव तीनदा सांगावं लागलं, मग अक्षर अक्षर. खिडकीतून काय दिसतं ते तिनं न विचारता सांगितलं. वरिष्ठ म्हणणं ऐकतात का, याचं उत्तर अकरा मिनिटं चाललं आणि त्यात ती दोनदा रडली. मी 'होय / नाही / लागू नाही' यातलं कशालाच खूण केली नाही. सातव्या प्रश्नापाशी आलो तेव्हा बाहेर अंधारलं होतं आणि ओसरीतला दिवा लावायला मी उठलो नव्हतो.

"नोकरीत सर्वात मोलाचं काय वाटतं?"

"घरी आल्यावर कोणीतरी विचारावं, आज काय झालं," ती म्हणाली. "पण ते नोकरीत नसतं ना, बाबा."

"लिहितो," मी म्हटलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं.

वीस प्रश्न संपले. तिनं विचारलं, "झालं?"

"फोटो राहिला."

"पाठवते आत्ता मोबाइलवर."

"चालत नाही. नियम आहे."

मी वहीत नोंद केली, क्रमांक एकशे चौदा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं: 'अर्ज अपूर्ण. फोटो नाही. अर्जदाराने समक्ष उपस्थित राहून त्रुटी दूर करावी.'

"मुदत किती आहे?" तिनं हळूच विचारलं.

मुदतीचा रकाना मी कोरा ठेवला होता. आणि गीझर बंद केला नाही.